किराईताचं पान

पान चावलं, आणि ते कडू लागलं नाही.

इरावतीनं ते पुन्हा दाताखाली धरलं, नीट चघळलं, जिभेच्या पार मागच्या कडेपर्यंत नेलं. काही नाही. गवत. ओलसर, हिरवा चोथा नुसता. आता किराईत म्हणजे काय चीज आहे, हे ज्याला लहानपणी नाक दाबून पाजलंय त्यालाच ठाऊक. कारलं त्याच्यापुढे शिरा. एक पान चावलं की तासभर चहासुद्धा तोंडाला लावावासा वाटत नाही, घशात आपलं कुणीतरी बसून राहिलेलं असतं. आणि ही बाई गच्चीवर, हिरव्या जाळीखाली, सकाळच्या उन्हात चोथा चघळत उभी होती आणि घशात कुणी बसतच नव्हतं. पलीकडे नॅशनल पार्कचं रान दिसत होतं. जाळीच्या दुहेरी तारेवर एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून बसली होती आणि इरावतीकडे बघत होती. इरावतीनं दुसरं पान खुडलं. मग तिसरं. तेही तसंच, नुसतं गवत.

किराईत कडू का असतं, हेच तिचं उभ्या जन्माचं काम. बोरीवलीच्या ह्या कॉलेजच्या संशोधन केंद्रात तिनं केस पिकवले ते ह्याच एका प्रश्नापायी. पानात एक द्रव्य तयार होतं, तेच कडू आणि तेच औषधी, ताप उतरवणारं. पण ते काही आभाळातून पडत नाही. झाड एका साध्याशा गोष्टीपासून सुरुवात करतं, मग एक विकर, म्हणजे एन्झाइम, तिला थोडं वाकवतं, दुसरं थोडं जोडतं, तिसरं कापतं, आणि असं हातोहात होत होत शेवटी कडू उतरतं. प्रत्येक विकरामागे एक जनुक. बरीचशी जनुकं जगानं शोधून ठेवलेली. शेवटचा हात कुणाचा, ते पक्कं नव्हतं. इरावतीचा एका जनुकावर संशय होता. ते खरं की खोटं हे कळायला एकच उपाय, त्याला गप्प करायचं आणि पान कडू राहतं का ते बघायचं. त्यासाठी माणसाळवलेला एक विषाणू वापरतात. त्याच्या पोटात त्या जनुकाचा एक तुकडा घालून रोपात सोडायचा. रोप विषाणूला मारायला धावतं आणि त्या नादात स्वतःचंच जनुक शत्रू समजून गप्प करून टाकतं. डाव्या हाताचा ट्रे अशा गप्प केलेल्या रोपांचा. उजव्या हाताचा कंट्रोल, म्हणजे ज्यांना कुणी बोटही लावलेलं नाही अशी रोपं, नुसती तुलनेला ठेवलेली. इरावतीची जुनी सवय, सकाळी आल्या आल्या कंट्रोलचं एक पान चावायचं. आधी जीभ, मग मशीन, असं ती मुलांना गमतीनं सांगायची. आज चावली होती ती तिन्ही पानं कंट्रोलची होती.

म्हणजे दोनातलं एक. एकतर पान खरंच मुकं झालंय, म्हणजे ट्रेची अदलाबदल झाली असणार किंवा पांढऱ्या माशीनं विषाणू इकडून तिकडे नेला असणार. होतं असं. चार महिन्यांच्या कामाची वाट लागली म्हणायचं आणि पुन्हा बिया पेरायच्या. किंवा पान आहे तसंच आहे, कडूजहर, आणि मुकी झालीय ती जीभ. हा दुसरा विचार मनात आला तशी तिनं तो झटकला, पण झटकून जाणाऱ्यातला तो नव्हताच. तो तिच्या आईच्या, वसुधाच्या, चेहऱ्यानं आला होता.

मानखुर्दच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी किराईत व्हायचं. गावाहून येणारं कुणी ना कुणी वाळकी जुडी घेऊन यायचं, आई रात्री ती पाण्यात टाकून ठेवायची आणि सकाळी प्रत्येकाला पेलाभर. अंगातला ताप बाहेर काढतं म्हणे. इरावती नाक दाबून एका दमात प्यायची, आणि तोंड उघडायच्या आत आई तळहातावर गुळाचा खडा ठेवायची. आईही डोळे मिटून, अंगावर शहारे आणत प्यायची. आणि मग एका रविवारी, इरावती तेव्हा कॉलेजात होती, आई पेला घेऊन खिडकीशी बसली आणि घोट घोट करत प्यायला लागली. चहा प्यावा तशी. खाली रस्त्यावर बघत, मध्येच थांबून, पुन्हा घोट घेत. पेला संपला तेव्हा तिनं गूळ मागितला नाही. बाबा दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि गुळाचा डबा पुन्हा फळीवर ठेवून दिला. पुढे वर्षभरानं गॅस चालू राहू लागला, मग नावं जाऊ लागली, मग एकदा मनोरीला फिरायला गेले असताना जेट्टीवर ती हरवली आणि एका कोळणीच्या टोपलीशेजारी बसलेली सापडली, स्वस्थ, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. डॉक्टर म्हणाले होते, काही जणांत आधी नाक-जीभच जाते, घरच्यांना कळत नाही. घराण्यात कुणाला होतं का, त्यांनी विचारलं होतं. बाबा नाही म्हणाले. पण आईची आईही शेवटी भ्रमिष्ट झाली होती, हे गावात कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. आईच्या दिवसकार्याला आलेल्या एका मावशीनं इरावतीची हनुवटी धरून म्हटलं होतं, अगदी वसुधाच गं, खाण तशी माती. कौतुकानंच म्हणाली होती बिचारी.

झाडांची जनुकं अक्षर न अक्षर वाचणाऱ्या ह्या बाईनं स्वतःचं रक्त मात्र कधी तपासून घेतलं नव्हतं. एका नळीचं काम. ओळखीच्या लॅबा होत्या, यज्ञेशनं, तिच्या नवऱ्यानं, एकदा हळूच विषयही काढला होता. कळून करायचंय काय, उपाय आहे का, असं तिनं त्याला ठणकावलं होतं आणि ते शहाणपणाचं बोलणं आहे असं स्वतःलाही पटवलं होतं. खरं सांगायचं तर ती घाबरली होती. आई जेव्हा खिडकीशी बसून घोट घोट प्यायली, तेव्हा आईचं जे वय होतं ते आता इरावतीचं होत आलं होतं.

संघमित्रा वर आली. केंद्रातली ही संशोधक, कामाला वाघ आणि तोंडाला फटकळ. तिनं विचारलं, मॅडम, कंट्रोल कसं आहे. साधा प्रश्न. इरावतीनं एक पान खुडून तिच्यापुढे धरायचं आणि म्हणायचं, चाव बरं जरा. संपलं. तिनं पान खुडलंही. पण संघमित्राचं तोंड वाकडं झालं तर? तर ते इथे, ह्या गच्चीवर, ह्या पोरीसमोर कळणार, आणि तिच्या डोळ्यांत आधी हसू येणार, मग प्रश्न, मग दया. इरावतीनं पान एप्रनच्या खिशात टाकलं आणि म्हणाली, ठीक आहे. मशीनला लावावं, तर मशीनचा पंप गेलेला, इंजिनियर उद्या सकाळी येणार. पानातलं द्रव्य मोजणारं ते मशीन खोटं बोलत नाही आणि कुणाची भीडही धरत नाही. उद्या सकाळी ते सांगेल आणि सगळ्यांदेखत सांगेल. पंप बंद असल्याचा तिला आनंद झाला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

मग दिवसभर तिनं स्वतःवरच प्रयोग केले. कॅन्टीनची कॉफी बिनसाखरेची मागवली. ती कडवट लागली, पण ती कडवट असते हे तिला माहीत होतंच, तेव्हा जीभ सांगत होती की आठवण, कुणास ठाऊक. पर्समधली तापाची गोळी तिनं बाथरूममध्ये जाऊन दातानं फोडली. खडूसारखी लागली. जराशी कडू. लागली ना? कोविड झाला असेल, असंही तिच्या मनात आलं, आणि कोविड झालेला असावा म्हणून देवाला हात जोडणारी मुंबईतली ती पहिलीच बाई असेल. पण सर्दी नव्हती, खोकला नव्हता, साबणाचा वास तर चक्क येत होता. थोडा कमी येत होता का? भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं स्वतःला सांगत ती टेबलाशी येऊन बसली, आणि समोरच्या पडद्यावर तिचाच जुना आलेख होता. अळीनं पान कुरतडलं की काही तासांत झाडाची कडूपणाची सगळी जनुकं जागी होतात, त्याचा आलेख. हा भाग शिकवताना ती दरवर्षी रंगून जायची. झाडाला पळता येत नाही, सांगायची, म्हणून ते घाबरलं की कडू होतं. आपण ज्याला औषध म्हणतो ती त्याची भीती आहे. पोरं टाळ्या वाजवायची. आज ते वाक्य आठवून तिला स्वतःचा रागच आला. भीती म्हणजे काय हे तिला तेव्हा माहीत तरी होतं का? भीती म्हणजे आपण एका जागी रोवलेले असणं आणि कुरतडणारं काहीतरी आपल्या आतच असणं. तिच्याही पेशीपेशीत आईकडून आलेलं काहीतरी गुंडाळून ठेवलेलं असेल, इतकी वर्षं गप्प, आणि ह्या दिवाळीनंतर कधीतरी, ती भाजी चिरत असताना किंवा झोपेत, ते जागं झालं असेल. किंवा नसेलही. ट्रेच बदलले असतील. माळी पाणी घालताना ट्रे हलवतो, तिनं त्याला दहा वेळा बजावलंय. ट्रेच बदलले असणार.

निघताना तिनं उजव्या हाताच्या ट्रेमधली मूठभर पानं खुडून प्लास्टिकच्या पिशवीत घेतली. कशाला, ते तिला रिक्षात बसेपर्यंत कळलं नव्हतं. रिक्षा बोरीवलीतल्याच कार्टर रोडच्या सिग्नलला अडकली, शेजारी भाजीवाला मेथीच्या जुड्या लावून बसला होता, आणि तेव्हा तिला घरचं जेवणाचं टेबल दिसलं. यज्ञेश आणि अबोली, नवरा आणि मुलगी, दोघं जेवतायत. त्यांना विचारायचं नाही. विचारलं की माणसं सांभाळून बोलतात. नुसतं वाढायचं आणि बघायचं. आमटीत पानं वाटून घालायची. किराईतच तर आहे, आपण नाही का दर महिन्याला पेलाभर ढोसलं, कुणी मेलं नाही. दोन निकाल शक्य होते. दोघं ओरडले, तर पान कडू आणि दोष जिभेचा. दोघं मुकाट्यानं जेवले, तर पान मुकं आणि दोष ट्रेचा. इतका स्वच्छ प्रयोग तिनं कित्येक दिवसांत आखला नव्हता. आणि ते मुकाट्यानं जेवणार, असं तिला आतून वाटत होतं, कारण घरी कुणीच काही म्हटलेलं नव्हतं. जीभ गेली असती तर मीठ चुकलं असतं, तिखट चुकलं असतं. यज्ञेश अंधेरीहून दमून येतो आणि आता आता तर पूर्वीपेक्षा मन लावून जेवतो. दह्याची वाटी घेऊनच बसतो, पोटाला बरं म्हणतो. रविवारी स्वयंपाक मी करणार म्हणून हट्ट धरतो. अबोली डबा नको म्हणते, पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाला कोण डबा नेतं? ही सगळी सुखी घराची लक्षणं तिनं रिक्षात एकेक करून मोजली, आणि मोजता मोजता तिला घाम फुटला. का ते तिला कळेना. तिनं रिक्षावाल्याला विनाकारण लवकर चल म्हटलं.

घरी कुकर लावला. डाळ घोटली, खोबरं-कोथिंबिरीच्या वाटणात किराईताची पानं टाकली. मिक्सर फिरताना तिला मानखुर्दचं टेबल आठवत होतं. आठवू नये म्हणून तिनं मिक्सर जास्त वेळ फिरवला, तरीही. आईच्या हातचं तेव्हा एकदम बिघडलं होतं. एका दुपारी आमटी इतकी खारट की इरावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आई म्हणून तोंड उघडलं, आणि समोर बसलेल्या बाबांनी मान हलवली. वर न बघता, भात कालवता कालवता, एवढीशी. नाही. बाबांच्या, म्हणजे विद्याधर कुलकर्ण्यांच्या, घरात पानावर बसल्यावर अन्नाला नावं ठेवायची पद्धत नव्हती; पण ती मान त्या पद्धतीची नव्हती हे इरावतीला तेव्हाच कळलं होतं. तिनं घास गिळला. मग रोज गिळले. दोघांनी मिळून किती महिने गिळले असतील कोण जाणे. आणि त्याच दुपारी आई पळी हातात घेऊन उभी होती, ती आधी बाबांकडे बघत राहिली, मग इरावतीकडे, बराच वेळ, आणि म्हणाली, आणखी वाढू? आत्ताच तर वाढलं होतं. वाढल्याचंही विसरली, असं इरावतीला वाटलं होतं, आणि ती गोष्ट नंतर तिनं डॉक्टरांनाही लक्षण म्हणून सांगितली होती.

आमटीला उकळी आली. तिनं पळीतली तळहातावर घेऊन चाखली. आमटी आमटीसारखी लागली. चिंच, गूळ, खोबरं, सगळं होतं. कडू कुठे काही नव्हतं. तिनं पुन्हा चाखली, डोळे मिटून, देवाचं तीर्थ घ्यावं तशी, आणि मग गॅस बंद केला. दोनदा बघून घेतला बंद झाल्याचा.

यज्ञेश आला, हातपाय धुऊन बसला. अबोली फोन घेऊन बसली. इरावतीनं दोघांना वाढलं, आणि मी मागाहून बसते म्हणून पळी हातात धरून ओट्याला टेकून उभी राहिली. ऑफिसात आज लिफ्ट बंद होती असं काहीतरी यज्ञेश सांगत होता. त्यानं पहिला घास घेतला. बोलणं क्षणभर थांबलं, घास खाली गेला, आणि लिफ्टची हकीकत पुढे सुरू झाली. इरावतीच्या छातीतून एक मोठा श्वास सुटला. ट्रे. ट्रेच होते. उद्या त्या माळ्याला आधी चहा पाजायचा आणि मग हजेरी घ्यायची. तिला हसू येत होतं, रडू येत होतं. आणि तेवढ्यात अबोलीनं घास घेतला.

पोरीचं तोंड आकसून आलं. डोळे गच्च मिटले, ओठ आत गेले, खांदे कानांशी आले. हात पाण्याकडे गेला. तिनं "आई" म्हणून तोंड उघडलं, आणि यज्ञेशनं मान हलवली. वर न बघता, भातात दही कालवता कालवता. एवढीशी. नाही.

अबोलीनं घास गिळला.

दोन निकाल तिनं धरले होते. हा तिसरा तिच्या स्वप्नातही नव्हता, आणि तसा तो सगळ्यात जुना होता. इरावतीनं पळी घट्ट धरली. दह्याच्या वाट्या, रविवारचे हट्ट, नाकारलेले डबे, सगळं एका रांगेत येऊन तिच्यासमोर उभं राहिलं. किती महिने? दोघं किती महिने गिळतायत? तिला ओरडावंसं वाटलं, टेबल उलटं करावंसं वाटलं, यज्ञेशला धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच्या कुशीत तोंड लपवावंसंही वाटलं. ह्यातलं तिनं काहीच केलं नाही, कारण तेवढ्यात तिला मानखुर्दची आई दिसली. पळी हातात घेऊन उभी असलेली, आधी बाबांकडे आणि मग आपल्याकडे बघणारी. आईनं ती मान पाहिली होती. वाढल्याचं ती विसरली नव्हती. तिला कळलं होतं, आणि ती विचारत होती, तिला येत होतं त्या एकुलत्या एका तऱ्हेनं विचारत होती, आणि बाबांनी वाटी पुढे केली होती, आणि इरावतीनंही केली होती.

"आणखी वाढू?" इरावती म्हणाली. आवाज आपला नाही असं तिला वाटलं.

यज्ञेशनं वाटी पुढे केली. डोळे पाणावलेले, कपाळावर घाम, आणि वाटी पुढे. "वाढ ना, मस्त झालीय," तो म्हणाला.

इरावतीनं पळी पातेल्यात घातली आणि अबोलीकडे बघितलं. अबोली तिच्याकडेच बघत होती. मग तिनं बापाकडे बघितलं, मग पुन्हा आईकडे, आणि हात उचलून बापाच्या वाटीवर आडवा धरला.

"बस ना बाबा," ती म्हणाली. "आई, कडू आहे गं. भयंकर कडू आहे."

यज्ञेश म्हणाला, "अबोली." एवढंच. मग त्यानं वाटी खाली ठेवली. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता. इरावतीनं पळी ओट्यावर ठेवली, खुर्ची ओढली आणि ती बसली. सकाळपासून ज्याला घाबरत होती ते आता टेबलावर, पातेल्याशेजारी होतं. ते आल्यावर भीती कमी होईल असं तिला का वाटलं होतं कोण जाणे. ती कमी झाली नव्हती. पण आता ती एकटीची राहिली नव्हती. अबोलीचा हात अजून वाटीवर तसाच होता आणि ती रडायला लागली होती.

"रोज सांगत जा मला," इरावती म्हणाली. "खारट झालं, करपलं, कडू झालं. रोज. बाबा नको म्हणाला तरी. मी चिडले तरी. सांगशील?"

अबोलीनं मान हलवली. हो.

यज्ञेश उठला. वरच्या फळीवरचा डबा काढून त्यानं गूळ फोडला, एक खडा लेकीच्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला, आणि जरा थांबून तिसरा इरावतीच्या तळहातावर ठेवला. तिनं तो बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग तोंडात घातला आणि दोघं तिच्याकडे बघत असताना तो हळूहळू विरघळू दिला.

गोड लागला. अजून लागत होता.